केळ्यातलं डोपामीन

टॉर्व्हिकच्या कॉलेजात कॉफी बरी असली की प्राध्यापक सभेत गप्प बसतात आणि वाईट असली की बोलायला लागतात. त्या दिवशीची कॉफी इतकी वाईट होती की रसायनशास्त्राचे आर्विड स्टेनर्सनसुद्धा बोलले.

“त्यात काय एवढं? ते यंत्र मी घरी बनवतो.”

सगळ्यांनी कप खाली ठेवले. उत्तर मिनेसोटात जन्मलेला माणूस चारचौघांत असं काही बोलत नाही. तो फार तर “बघू, जमलं तर” म्हणतो, आणि घर बांधून आत राहायला गेल्यावरही तेच म्हणतो. आर्विडना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. पण शब्द तोंडातून निसटले होते आणि डीन पॉमरॉय बाईंनी ते टिपून घेतले होते.

विषय होता चौदा नंबरच्या खोलीचा. त्या खोलीत आर्विड वर्षानुवर्षं विद्युत-रसायनशास्त्र शिकवत आले होते. म्हणजे शिकवायचे ते मनापासून. ऐकायला चार-दोन मुलं असायची, आणि त्यातलंही एखादं खोली उबदार असते म्हणून यायचं. भिंतीपलीकडे कॉलेजचं नवं स्वास्थ्य केंद्र होतं. तिथे माणसं फिरत्या पट्ट्यांवर जागच्या जागी मैलोन्‌मैल धावत. या केंद्राला आता हातपाय पसरायचे होते आणि त्याचे पाय चौदा नंबरच्या खोलीत येत होते.

पॉमरॉय बाई वाईट नव्हत्या. “मला तुमचं म्हणणं ऐकू येतंय,” असं म्हणून त्या प्रत्येक वाक्याची सुरुवात करत, आणि मग ऐकू आलेलं हलक्या हाताने बाजूला ठेवून पुढे जात.

“मला तुमचं म्हणणं ऐकू येतंय, आर्विड,” त्या म्हणाल्या होत्या. “पण खोली ठेवायची तर तिथे आजच्या काळाचं काहीतरी घडायला हवं. हल्ली जिकडे तिकडे मेंदू आहे.”

सभेवर एक नजर टाकून आर्विडना हे पटलं नव्हतं. पण मेंदूतली रसायनं मोजायचं यंत्र बाजारात मिळतं, आणि त्या किमतीत तळ्याकाठी घर येतं, होडीच्या धक्क्यासकट, हे कुणीतरी सांगितलं आणि आर्विडच्या तोंडून ते वाक्य गेलं. बाईंनी तिथल्या तिथे दिवस ठरवला. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक. यंत्र चाललं तर खोली आर्विडची, नाही तर पट्ट्यांची.

आता यंत्र तसं साधं. केसाहून कितीतरी बारीक असा कार्बनचा एक तंतू काचेच्या नळीत बसवायचा, टोक द्रावात बुडवायचं, आणि त्याला विजेचे हलके झोके देत राहायचं, वर आणि खाली. द्रावात डोपामीन, म्हणजे मेंदूतलं सुखाचं रसायन, असलं, तर ते त्या झोक्याबरोबर आपले इलेक्ट्रॉन सोडतं आणि पडद्यावरच्या रेघेत मधोमध एक उंचवटा उमटतो. उंचवटा म्हणजे डोपामीन. बाकी सगळी रेघ म्हणजे नुसती रेघ. अडचण एवढीच की हा प्रवाह इतका क्षीण असतो की त्याच्यासमोर खोलीतला दिवा, भिंतीतली वायर आणि शेजारची इस्त्री ढोलताशे घेऊन उभ्या असतात.

कारखाना स्वयंपाकघरातल्या टेबलावर निघाला.

“जेवायचं कुठे?” मार्लिसने, म्हणजे आर्विडच्या बायकोने, विचारलं.

“तळघरात.”

“तळघरात कपडे वाळताहेत.”

“मग उभ्याने.”

सल्ला द्यायला शेजारचा ड्वेन कुबिचेक हजर होताच. ड्वेनने आयुष्यभर विमा विकला होता, त्यामुळे कुठलीही गोष्ट कशी बिघडेल हे ती सुरू व्हायच्या आधीच त्याला दिसे. तरी कार्बन त्यानेच आणला. होडी दुरुस्त करून उरलेलं कार्बनचं काळं कापड त्याच्या गॅरेजात पडून होतं. त्यातल्या एका दोऱ्यात हजारो तंतू. आर्विडनी चिमट्याने एक वेगळा केला, श्वास रोखला, आणि तो काचेच्या नळीकडे नेऊ लागले.

“दिसतोय का तुला?” ड्वेनने विचारलं.

तंतू उडाला.

“बोलू नकोस,” आर्विड म्हणाले. त्याने दुसरा उडाला.

“बरं,” ड्वेन म्हणाला. तिसरा.

मग आत काय चाललंय हे पाहायला मार्लिसने दार उघडलं, आणि त्या झुळकीने टेबलावरचा अख्खा साठा गेला. पुढे आठवडाभर सूपमध्ये काहीतरी दिसतंय असं तिला वाटत होतं. काही नाही, असं आर्विड सांगत होते, आणि सूप मात्र भिंगातून बघून पीत होते.

यंत्राला आणखी एक गोष्ट हवी असते, ती चांदीची तार. कॉलेजच्या खरेदी विभागाने मागणी परत पाठवली: दागिने शैक्षणिक खर्चात बसत नाहीत. आर्विडनी दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा विभागाने सौ. स्टेनर्सन यांना अभिनंदन कळवायला सांगितलं. शेवटी त्यांनी मार्लिसच्या इंगा आत्याने लग्नात दिलेल्या कॉफीच्या चमच्यांपैकी एक उचलला आणि कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये उभा केला. चांदीवर काळपट थर चढावा लागतो, हे शास्त्र आहे. थर उत्तम चढला.

“आर्विड, एक चमचा कमी आहे.”

“कुठला?”

“आर्विड.”

“तो सध्या यंत्रात आहे.”

तिने यंत्राच्या डब्यात डोकावून पाहिलं. “काळा पडलाय.”

“पडायलाच हवा. त्याच्याशिवाय मोजमापाला आधार नाही.”

मार्लिसने डब्याचं झाकण लावलं. त्या भागात बायको चिडली की जास्त नम्र होते. “कॉफी घेशील का, आर्विड?” असं तिने संध्याकाळी नावासकट विचारलं, तेव्हा त्यांना धडकी भरली.

तिकडे कॉलेजात सुरक्षा अधिकारी ग्लेन टोफ्ट यांच्याकडे डोपामीनची बाटली येऊन पोचली होती. ती आर्विडनी रीतसर मागवली होती, हीच चूक झाली.

“डोपामीन,” ग्लेन बाटली हातभर लांब धरून म्हणाले. “माझ्या मेव्हण्याला ह्याचंच व्यसन आहे. फोन सोडत नाही.”

“ग्लेन, ते वेगळं. हे पांढरं मीठ आहे. हुंगलंत तरी काही होणार नाही.”

“हुंगायचा विषय तुम्ही काढलात, मी नाही.”

बाटली दोन कुलपांच्या कपाटात गेली. एक किल्ली ग्लेनकडे आणि दुसरी प्राण्यांवरील प्रयोगांच्या समितीच्या अध्यक्षांकडे. ते दर हिवाळ्याप्रमाणे ॲरिझोनात उन्हात बसले होते आणि बर्फ वितळल्याशिवाय परतणार नव्हते. शिवाय प्रकल्पाच्या नावात ‘मेंदू’ हा शब्द असल्यामुळे समितीने विचारलं होतं: मेंदू कुणाचा? आर्विडनी उत्तर दिलं: कुणाचाही नाही. समितीने कळवलं: ‘कुणाचाही नाही’ ही प्रजाती मान्य यादीत आढळत नाही.

म्हणजे मेंदू मोजायचं यंत्र होतं, पण मेंदू नव्हता आणि मेंदूतलं रसायनही नव्हतं. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. आर्विडनी वाण्याकडून केळी आणली. पिकलेल्या केळ्यात डोपामीन भरपूर असतं. कुस्करून, व्हिनेगर घालून, गाळून घेतलं की झालं. हे खरं आहे, पण खरं असणं आणि ग्लेनना पटणं या दोन वेगळ्या गोष्टी.

“केळ्याला मेंदू असतो का?” ग्लेननी विचारलं.

“नाही, ग्लेन.”

“तुमची खात्री आहे?”

“माझी खात्री आहे.”

“मग ते खाताना मला इतकी वर्षं जे वाटत आलंय ते…”

“ती भूक, ग्लेन.”

यंत्र चौदा नंबरच्या खोलीत मांडलं. बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात सगळी मंडळी बसवलेली, भोवती कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा. आर्विडनी बटण दाबलं. पडद्यावर रेघ उमटायला हवी होती. उमटलं ते भांडण. विजेची गुणगुण जाळीतून, टेबलातून, आर्विडच्या स्वतःच्या हाडांतून यंत्रात शिरत होती. ते जवळ गेले की वाढायची, लांब गेले तरी वाढायची.

आता सल्ले सुरू झाले. पिंजरा जमिनीला जोडा, भौतिकशास्त्रवाले म्हणाले. जोडला. एकाच जागी जोडा, दोन जागी जोडलात म्हणून असं होतंय, असं दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले. जीवशास्त्रवाल्यांनी दिवे विझवायला सांगितलं, म्हणून आर्विड अंधारात बसले आणि केळ्याच्या रसात कोपर घातलं. संगीताच्या बाई दारात क्षणभर उभ्या राहिल्या, गुणगुण कुठल्या स्वरात आहे ते त्यांनी सांगितलं, आणि ती किंचित बेसूर आहे असंही सांगून गेल्या.

खरं कारण भिंतीपलीकडे होतं. पलीकडे कुणी पट्ट्यावर चढलं की रेघ थरथरायला लागायची. धावायला लागलं की नाचायची. उंचवट्याएवढे उंचवटे दर पावलाला पडत होते. आर्विड विनंती करायला गेले, तर तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, “तुम्हीसुद्धा थोडं धावा ना, सर. तुमच्या चेहऱ्यावर किती ताण दिसतोय!” आर्विडनी पाहिलं, अर्थशास्त्राचे प्राध्यापक घामाघूम होऊन वजन घटवत होते. त्यांचं घटलेलं सगळं वजन इकडे रेघेत येऊन पडत होतं.

रविवारी केंद्र बंद असतं. आर्विड चर्चमधून थेट खोलीत गेले. अंगात मार्लिसने विणलेला जाड लोकरी स्वेटर होता, बाहेर हाडं गोठवणारी कोरडी थंडी. रेघ हलत होती, पण आज प्रथमच जरा माणसात आल्यासारखी. आर्विड आनंदाने दोन पावलं गालिच्यावरून पुढे आले आणि त्यांनी डब्याला बोट लावलं. चट्‌ असा आवाज झाला. स्वेटरमध्ये सकाळपासून साठलेली वीज यंत्राच्या काळजात उतरली आणि रेघ कायमची सरळ झाली.

“काय झालं?” मार्लिसने घरी विचारलं.

“मुख्य चिप जळाली.”

“कशाने?”

आर्विडनी स्वेटरकडे पाहिलं. मग चमच्यांच्या डब्याकडे पाहिलं, ज्यात एक खाच रिकामी होती.

“हवेने,” ते म्हणाले.

नवी चिप बसवली. पट्टे धावत होते, रेघ नाचत होती, आणि प्रात्यक्षिकाचा दिवस उद्यावर आला. त्या दुपारी आर्विडनी डबा काखोटीला मारला आणि ते गोठलेल्या तळ्यावर चालत गेले. तळ्याच्या मध्यावर ड्वेनची मासेमारीची खोपी होती, चारी बाजूंनी आणि वरूनही ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेली, आत गॅसची शेगडी, बसायला दोन उलट्या बादल्या, आणि बर्फाला पाडलेलं एक गोल भोक. गळ सोडून ड्वेन तिथे दिवसभर बसे.

“काय आणलंस?” ड्वेन म्हणाला.

“यंत्र. भोकात टाकायला.”

“माझ्या भोकात नाही हं! पर्च मासे बिथरतील.”

“ड्वेन, हे मला बुडवायचंय.”

“मग आपलं भोक पाड. करवत बाहेर आहे.”

आर्विड दुसऱ्या बादलीवर बसले. थोडा वेळ दोघांनी भोकाकडे पाहिलं. बुडवायच्या आधी एकदा त्याचं तोंड पाहावं असं आर्विडना वाटलं. त्यांनी डबा बॅटरीला जोडला, तंतू पाण्याच्या पेल्यात सोडला आणि पडदा उघडला.

रेघ उमटली. वर गेली, खाली आली, आणि शांत पडली. आर्विडनी तिला बोट दाखवलं, तरी हलेना. ते उठून उभे राहिले, बसले, हात हलवले. काही नाही. जवळपास ना वायर, ना दिवा, ना धावणारे अर्थशास्त्रज्ञ. आणि भोवती सगळा पत्रा. ड्वेनने नकळत पिंजरा बांधला होता आणि त्यात स्वतः राहत होता.

“आता का रडतोयस?” ड्वेन म्हणाला.

“शेगडीचा धूर आहे.”

पत्र्याच्या आत फोन लागत नव्हता, म्हणून आर्विडनी बाहेर वाऱ्यात उभं राहून डीन बाईंना फोन केला.

“मला तुमचं म्हणणं ऐकू येतंय, आर्विड. पण तळ्यावर?”

“तळ्यावर.”

दुसऱ्या दिवशी पॉमरॉय बाई बर्फावरून गाडी चालवत आल्या, लांब कोटात आणि शहरी बुटांत. आर्विडनी बरोबर आणलेली पेटी उघडली, गाळलेल्या रसाची बाटली बाहेर काढली. ड्वेन नाकाने काहीतरी शोधू लागला.

“हे कशाचंय?”

“केळ्याचं.”

ड्वेन दाराच्या चौकटीत आडवा उभा राहिला. “केळं इथे येणार नाही.”

“ड्वेन, मस्करी नको.”

“होडीत, गळाजवळ, बर्फावर, कुठेही केळं आलं की मासा लागत नाही. माझ्या बापाने केळं आणलेल्या माणसाला भर तळ्यात होडीतून उतरवलं होतं.”

“तू ल्युथरन ख्रिस्ती आहेस! असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवतोस?”

“चर्च रविवारचं. मासे रोजचे.”

“हे केळं नाही, द्राव आहे!”

“बाटलीवर काय लिहिलंय?”

बाटलीवर आर्विडच्या स्वच्छ अक्षरात ‘केळं’ लिहिलं होतं. आयुष्यभर मुलांना सांगितलेली शिस्त त्यांना त्या क्षणी नडली. वारा वाढत होता. एक प्रबुद्ध रसायनशास्त्रज्ञ आणि एक निवृत्त विमावाला गोठलेल्या तळ्यावर केळं कधीपर्यंत केळं असतं यावर हमरीतुमरीवर आले होते, आणि डीन बाईंचे बूट हळूहळू बर्फाला चिकटत होते.

“ड्वेन,” बाई मधे पडल्या. “मला तुमचं म्हणणं ऐकू येतंय. ह्याची साल कुठे आहे?”

“ह्याच्या घरी, कचऱ्यात.”

“साल नाही, गर गाळलेला, बाटलीत बंद. आमच्याकडे अशा वस्तूला नमुना म्हणतात.” त्यांनी पर्समधून पेन काढलं, चिठ्ठीवरचं ‘केळं’ खोडलं आणि ‘नमुना’ लिहिलं.

ड्वेनने चिठ्ठी दोनदा वाचली. “नमुन्याबद्दल बाबा काही बोलले नव्हते,” तो म्हणाला आणि बाजूला झाला. प्रशासन म्हणजे काय, हे आर्विडना इतक्या वर्षांत त्या दिवशी प्रथम कळलं.

तिघं आत बसली. बाई बादलीवर, आर्विड गुडघ्यावर, ड्वेन गळाला पाठ न दाखवता. आर्विडनी पेल्यात तंतू सोडला, बाजूला काळा चमचा उभा केला. रेघ शांत आली. मग त्यांनी थेंबभर रस टाकला.

रेघेच्या मधोमध एक उंचवटा उठला. गोल, सावकाश, नीटनेटका, जसा महागड्या यंत्रांच्या जाहिरातीतसुद्धा येत नाही. आणखी एक थेंब टाकला, तो आणखी वर आला. ड्वेननेसुद्धा गळावरची नजर काढली.

“हे डोपामीन?” बाईंनी हळू आवाजात विचारलं.

“हे डोपामीन.”

“आर्विड, हे फार सुंदर आहे.” त्या खरंच हेलावल्या होत्या. “आणि चौदा नंबरमध्येही असंच येतं?”

“हो” म्हणायला आर्विडनी तोंड उघडलं. एका अक्षराचं काम होतं. एवढं म्हटलं की खोली आपली, फळा आपला, खिडकीतलं मॅपलचं झाड आपलं. बाई काही तिथे येऊन तपासणार नव्हत्या. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तो उंचवटा तिथे शांत उभा होता. त्याला त्या खोलीतल्या नाचऱ्या रेघेच्या पंक्तीला बसवायचं? भिंतीपलीकडच्या धावणाऱ्यांच्या घामाला आणि ह्याला एकाच नावाने हाक मारायची?

“नाही,” आर्विड म्हणाले. “तिथे हे जन्मात येणार नाही.”

“म्हणजे ह्याला हीच जागा लागते?”

“हीच.”

बाईंचा चेहरा उजळला. “मग प्रश्नच सुटला! खोली केंद्राला देऊ, आणि तुम्हाला हे. ‘तळ्यावरची मेंदू प्रयोगशाळा’. पालक वेडे होतील!”

“बाई, मार्चमध्ये खोप्या तळ्यावरून काढाव्या लागतात. कायदा आहे. मग बर्फ वितळतं.”

“मला तुमचं म्हणणं ऐकू येतंय,” बाई उठत म्हणाल्या. “हिवाळी अभ्यासक्रम.”

“आणि माझी खोपी?” ड्वेनने विचारलं.

“तुम्ही मानद प्रयोगशाळा-प्रमुख.”

ड्वेनने टोपी सरळ केली. ती त्याने आर्विडच्या लग्नातही केली नव्हती.

संध्याकाळी आर्विड घरी आले. मार्लिस ओव्हनमधून बटाट्याचा हॉटडिश काढत होती. टेबलावर आज जेवायला जागा होती.

“चाललं?” तिने विचारलं.

“चाललं.”

“मग खोली?”

“गेली.”

ती हातमोज्यांसकट थांबली. आर्विडनी सगळं सांगितलं, बाईंचा प्रश्न आणि आपलं उत्तरही. ती रागावेल, असं त्यांना वाटलं. निदान नम्र तरी होईल. पण तिने हातमोजे काढले आणि हात पुढे केला. आर्विडनी कोटाच्या आतल्या खिशातून आलेखाचा कागद काढून दिला.

मार्लिसने तो दिव्याखाली धरला, चष्मा वर केला, खाली केला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

“वाईट नाही,” ती म्हणाली.

त्या भागात याच्या वरची पायरी नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने एवढं म्हटलं नव्हतं. ते काहीतरी बोलणार होते, इतक्यात मार्लिसने बोटाने कागदावरची रेघ हलकेच गुळगुळीत केल्यासारखी केली.

“मधे हा एवढा टेंगूळ आलाय,” ती प्रेमाने म्हणाली, “तेवढा गेला असता ना, तर अगदी छान झाली असती.”